रंगाचं नाव घ्यायचं नाही

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत रंगाचं नाव घ्यायला बंदी होती.

लाल, हिरवा, गुलाबी असं कुणी काही म्हटलं की सर डोळे मिटून घेत आणि कानाजवळची माशी उडवावी तसा हात हलवत. "नाव नोको. कशासारखा आहे ते सांग." रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही बंदी म्हणजे स्वयंपाकघरात मिठाचं नाव काढू नये, असं म्हटल्यासारखं होतं. पण ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात ती इतकी जुनी होती की कुणाला तिचं नवल वाटत नसे. मला वाटलं, कारण मी नवी होते.

बाबांची बदली नागपूरहून ब्रह्मपुरीला झाली तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळा कॉन्व्हेंटमध्ये झालेली. मराठी बोलायचे, पण घरापुरती. बाहेर तोंड उघडायचं तर वाक्य आधी मनात घासूनपुसून घ्यायचे, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. नागपुरात याला शिस्त म्हणत. ब्रह्मपुरीत मुली म्हणाल्या, "नवी पोट्टी भलतीच गर्वाची हाये."

पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी माझ्यासमोर एक परीक्षानळी धरली. कोबाल्ट क्लोराइडचं पातळ द्रावण होतं.

"कसा आहे?"

"बेबी पिंक," मी म्हटलं.

"कोणाचं बेबी?" सरांनी अगदी शांतपणे विचारलं. "आमच्याकडचे बेबी तं सावळे असते."

सगळी प्रयोगशाळा हसली. सरांनी दुसरी नळी धरली. त्यात निकेल होतं. मी अंग चोरून म्हटलं, "सी ग्रीन."

"समुद्र मी पायला नाई. वैनगंगा पायली. तशी आहे का?"

"नाही सर."

"मंग?"

मग काही नाही. माझ्याजवळ रंग होते, पण ते सगळे खोक्यातल्या रंगकांड्यांवर छापलेले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक मुलगी म्हणाली, "पयली बोडीतल्या कमळासारखी हाये सर, पाकळीच्या बुडाशी असते तशी. अन् दुसरी परह्यासारखी."

"हे झालं उत्तर," सर म्हणाले आणि पुढे गेले. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं आणि परहे म्हणजे लावणीआधीची धानाची कोवळी रोपं, हे मला नंतर त्याच मुलीनं सांगितलं. तिचं नाव कुंदा. ती नदीपलीकडून, गडचिरोलीच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज बसनं यायची. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी होती, आणि बसमधून उतरताना सुरू झालेलं तिचं बोलणं संध्याकाळी बसमध्ये चढेपर्यंत चालायचं.

सर उंच आणि वाळके होते. एप्रनऐवजी खांद्यावर पंचा असायचा. त्याच पंच्याला ते हात पुसत, तापलेली नळी त्यानंच धरत आणि वर्गात कुणी फारच चुकीचं उत्तर दिलं तर तोच तोंडावर ओढून घेत. घरून कॉलेजला येताना सोबत सायकल असायची, पण सायकलवर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ते तिला हातात धरून चालवत आणत. विचारलं तर म्हणत, "सोबत आहे. पाठीवर कायले बसू?"

पुस्तक इंग्रजी होतं, पण सर ते तिकडच्या झाडीबोलीत शिकवत. धातूंच्या संयुगांना द्रावणात वेगवेगळे रंग का येतात, हा त्यांचा जीव की प्राण असलेला धडा. तो ते फळ्यावर शिकवत नसत. पोरांनाच उभं करत. एक जण मध्ये, तो धातू. चार जण चार दिशांना, एक जण टेबलावर चढलेला आणि एक जण खाली उकिडवा बसलेला. हे सहा शेजारी. मुलामुलींना एकत्र उभं करणं त्या काळी ब्रह्मपुरीत शक्यच नव्हतं, म्हणून मुलांचं संयुग वेगळं आणि मुलींचं वेगळं व्हायचं.

"तू मधात ये," सर मला म्हणाले. "तू बोलत नाई. धातू हो."

मी धातू झाले. कुंदा टेबलावर चढली, ते काम तिनं स्वतःहून घेतलं. सर माझ्याभोवती फिरत सांगू लागले.

"धातूजवळ पाच खोल्या आहे. एकटा असला तं पाचही एकाच मजल्यावर. आता शेजारी येऊन भिडले. भिडले की ढकलाढकली. मंग तीन खोल्या खालच्या मजल्यावर राह्यते अन् दोन वर जाते. खालच्या खोलीतल्याले वर उडी मारायची आहे. उडीले ताकद पाह्यजे का नाई? मंग तो उजेडातला एक घास खाते. शेजारी दांडगा असला तं वरचा मजला लय उंच. मजला उंच, तं घास वेगळा. अन् आपल्याले दिसते काय?"

सरांनी बोटानं हवेत एक ताट काढलं.

"खाल्लेलं दिसत नाई. ताटात उरलेलं दिसते."

मग त्यांनी मोरचुदाच्या फिक्या निळ्या पाण्यात अमोनिया टाकला आणि नळीत शाई उतरली. "तांबं तेच. पाणी उठून गेलं, अमोनिया येऊन बसला. दांडगा शेजारी. रंग का एकट्या धातूचा असते?" मी मधे उभी होते आणि वरून कुंदाची वेणी माझ्या डोक्यावर लोंबत होती. आजही तो धडा आठवला की आधी ती वेणी आठवते.

या धड्याचा सरांना इतका नाद होता की ते दर महिन्याला आमच्या जागा बदलत. भांडखोराशेजारी झोपाळू, हुशाराशेजारी टवाळ. मला त्यांनी कुंदाशेजारी बसवलं. "हे पोरगी बोलत नाई अन् हे पोरगी थांबत नाई. एका भांड्यात टाकून पाहू." पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या जागा बदलल्या, आमची बदलली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

त्यांचं दुसरं वचन होतं, "दिसते त्यावर इस्वास नोको. शेजारी बदल, मंग पाय." कोबाल्ट ओळखलं, असं त्यांना नुसतं सांगून चालायचं नाही. त्यात तीव्र आम्ल घालून तापवायचं आणि निळं झालेलं दाखवायचं. निकेल म्हटलं की अमोनिया घालायचा आणि निळं झालेलं दाखवायचं. निळं झालं की सरांचा चेहरा खुलायचा. "आता कसं!" आम्हाला वाटायचं, काय ही सरांची शिस्त.

बाजारातही तेच. आठवडी बाजारात सर दिसले की त्यांच्या ओळखीची पोरं बोळ बदलत, कारण सर कुणालाही हाताला धरून टमाट्यांच्या ढिगापुढे उभं करत. "कसा आहे?" "पिकला आहे सर." "कशासारखा?" त्या टमाटेवालीनं शेवटी कंटाळून सांगितलं होतं, "गुर्जी, टमाट्यासारखा हाये, घेऊन जा ना बाप्पा." सर घेऊन गेले. संक्रांतीला आम्ही मुली त्यांच्या घरी वाण घ्यायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, नवं लुगडं नेसलेलं होतं. बाई हसत म्हणाल्या, "तुमचे सर मले दुकानातून विचारून राह्यले, हे कशासारखं आहे, हे कशासारखं आहे. मी म्हटलं, किंमत पहा अन् हो म्हणा."

या सगळ्यामागचं कारण मला कळलं ते मृगाच्या किड्यामुळे.

शेवटच्या वर्षाचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. प्रयोगशाळेमागच्या मैदानावर हिरवंगार गवत आलं होतं आणि त्यावर ते मखमली लाल किडे फिरत होते. सर सायकल धरून येत होते. कुंदा ओरडली, "सर, जपून! किडा!" सरांनी पाय वरच्या वर थांबवला.

"कुठी?"

"तुमच्या पायाखाली, सर!"

किडा त्यांच्या चपलेपासून वीतभर दूर होता. लाल म्हणजे किती लाल! हिरव्या गवतावर कुंकवाचा थेंब पडावा तसा. सर मान वाकवून पाहत होते, एका पायावर, सायकलचा आधार घेऊन. डोळ्यांना चष्मा नव्हता, लांबच्या फळ्यावरची बारीक अक्षरं ते सहज वाचत. पण तो किडा त्यांना दिसत नव्हता. मग तो चालू लागला आणि सर म्हणाले, "हां, हां. आहे आहे."

मी घरी गेले आणि टमाटे, लुगडं, बेबी पिंक, सगळं एका ओळीत येऊन बसलं. लाल आणि हिरवा सरांना वेगळे दिसत नव्हते. गुलाबी कोबाल्ट आणि हिरवं निकेल त्यांच्या दृष्टीला एकच होतं. म्हणून 'कशासारखा' हवं होतं. 'हिरवा' म्हणताना पोरं चुकतील, पण परहे म्हणताना चुकणार नाहीत. आणि म्हणून शेजारी बदलायचा: जे त्यांना दिसत नाही ते निळं करून घ्यायचं, कारण निळा त्यांना स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी कुंदाला हळूच सांगितलं. मला वाटलं, ती दचकेल.

"तुले आता समजलं?" कुंदा म्हणाली. "सर्वाइले माहीत हाये. पण बोलजो नोको. सरले अगोदर एकदा रेल्वेनं डोळे तपासून वापस धाडलं होतं. इथी कोणी वर सांगितलं तं लॅब काढून घेईन, अन् नुसतं पुस्तक शिकवाले लावन. मंग सर मरते का जगते?"

अख्ख्या कॉलेजातली पोरं, जी एकमेकांचे डबे पळवत आणि चुगल्या करत, ती वर्षानुवर्षं एवढी एक गोष्ट पोटात ठेवून होती. गप्प राहणं ही माझी खासियत आहे, असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले. सफारी सूट, हातात ब्रीफकेस. बस वेळेआधीच पोचली म्हणून ते सकाळीच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. परीक्षेच्या नळ्या सरांनी आदल्या संध्याकाळी भरल्या होत्या, नियमाप्रमाणे एकट्यानं, दार लावून. विद्यार्थ्याला आत यायची मनाई. एरवी ज्यांच्या डोळ्यांनी ते पाहत, ते आम्ही सगळे त्या संध्याकाळी बाहेर होतो.

परीक्षकांनी खुर्ची पंख्याखाली ओढली आणि ते उत्तरं तपासत बसले. नळ्या बघायला उठण्याचं त्यांना कारण नव्हतं. दुपारी त्यांनी कुंदाला आणि मला एकदम बोलावलं.

"तुम्हाला निकेल दिलं होतं," ते कुंदाला म्हणाले. "तुम्ही कोबाल्ट लिहिलंत. आणि यांना कोबाल्ट दिलं होतं, यांनी निकेल लिहिलंय. नळ्या आणा."

आम्ही उरलेल्या द्रावणाच्या नळ्या आणल्या. कुंदाची गुलाबी, माझी हिरवी.

"म्हणजे अदलाबदल केलीत," परीक्षक म्हणाले. "शेजारी-शेजारी बसलात ना? एकीला जे जमत नाही ते दुसरीकडे सरकवायचं. ही सरळ कॉपी आहे. प्राचार्यांना बोलवा."

शिपाई गेला. कुंदा उघड्या तोंडानं उभी होती, आणि त्या तोंडातून काहीच येत नव्हतं. तिच्या मागून तिच्या गावच्या आणखी दोन मुली बारावीला बसल्या होत्या. 'कॉलेजात धाडलेली पोरगी कॉपी करताना सापडली' ही बातमी तिच्याच बसनं संध्याकाळी गावात पोचली असती. मला कळलं होतं काय झालं ते. ते सांगितलं की आम्ही दोघी सुटणार होतो आणि सरांची प्रयोगशाळा जाणार होती. मी जमिनीकडे पाहिलं.

सर खिडकीपाशी उभे होते. त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. ते आले, दोन्ही नळ्या घेतल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. बराच वेळ धरल्या. मग पंच्यानं हात पुसले.

"शेजारी बदलून पाहू," ते म्हणाले.

कुंदाच्या नळीत आम्ल घालून त्यांनी ती तापवली. निळी झाली. माझ्या नळीत अमोनिया घातला. तीही निळी झाली, जरा जांभळट. "दोघीनं हातातलं बरोबर ओळखलं. हे कोबाल्टच होतं अन् हे निकेलच होतं. अदलाबदल माझ्याकडून झाली. आकड्यांच्या चिठ्ठ्या खळीनं चिकटवल्या होत्या, रातच्याले दोन गळून पडल्या. सकाळी मी उलट्या लावल्या."

परीक्षक हसले. "सर, मुलींना पाठीशी घालू नका. गुलाबी आणि हिरव्यात अशी चूक आंधळासुद्धा करणार नाही."

"आंधळा नाई करणार," सर म्हणाले. "तो कोणाले तरी विचारन. मी केली. मले हे दोन्ही सारखेच दिसते. जन्मापासून. सकाळी तपासून पाह्याचं होतं, पण तुमी दारात उभे होते. सोताच भरलेली नळी सोताच तपासाची, मले लाज वाटली."

प्राचार्य एव्हाना दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. "मग इतकी वर्षं तुम्ही ही प्रॅक्टिकलं घेता कशी?"

सरांनी पंचा खांद्यावर नीट केला. पंखा फिरत होता. मी वाट पाहिली की कुंदा बोलेल. ती बोलली नाही. मग मनातलं वाक्य न घासता, न पुसता माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"रंग आम्ही सांगतो, सर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता थांबता येत नव्हतं. "आम्ही कशासारखा आहे ते सांगतो. सर शेजारी बदलून तपासतात. आमचं चुकलं तर त्यांना कळतं. रंग दिसतो म्हणून आम्ही नुसतं बघून लिहिलं असतं, सर. ते कधी लिहू देत नाहीत."

"मी पयल्या वर्षी कितीकदा चुकली," कुंदाला एकदम वाचा फुटली. "डोळे फुटले का म्हणून सरनंच मले बोललं होतं!"

परीक्षकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी आमचे कागद पुढे ओढले आणि खोडून गुण दुरुस्त केले. प्राचार्य काही न बोलता निघून गेले.

ते न बोलणं महिनाभर पुरलं. सरांचं काय होणार, कुणालाच माहीत नव्हतं. बुद्धपौर्णिमेला मी कुंदाच्या घरी खीर खायला गेले, तर तिची आईसुद्धा वाटी हातात देताना आधी हेच विचारती झाली, "त्या डोळेवाल्या गुर्जीचं काय झालं वो?"

आणि मग बाबांची चंद्रपूरला बदली झाली. सामान बांधून झाल्यावर मी सरांचा निरोप घ्यायला कॉलेजात गेले. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत सर बर्नरशी खटपट करत होते, खांद्यावर पंचा.

"लॅब राह्यली," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "पण परीक्षेच्या नळ्या भरताना शेजारी भौतिकशास्त्राचे सर उभे राह्यणार. प्राचार्याचा हुकूम आहे." मग म्हणाले, "सभ्य माणूस आहे. पाण्यासारखा शेजारी. काई फरक नाई पडणार."

त्यांच्या हातातल्या नळीत तापवलेलं कोबाल्ट होतं, गच्च निळं. सवयीनं त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"कशासारखा?"

"हा तुम्ही सांगा, सर," मी म्हटलं. "हा तुम्हाला दिसतो."

त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखे ते नळीकडे पाहत राहिले. पंचा तोंडावर ओढतील की काय, असं वाटलं.

"नीळकंठ पायला का तू?" शेवटी ते म्हणाले. "धानाच्या बांधीवर, तारेवर बसून असते. बसला असते तवा मातीसारखा. कोणाचं ध्यान नाई जात. मले वाटे, हे पाखरू माह्यासारखंच, बिनरंगाचं." त्यांनी नळी उजेडाकडे नेली. "उडाला की असा."

आम्ही दोघं पाहत उभे राहिलो. नळी निवत होती. त्यांनी त्यात थोडं पाणी सोडलं, तसा निळा वरून विरत चालला आणि सरांचे डोळे बारीक झाले.

"गेला माहा," ते म्हणाले. "कमळ आलं का?"

"येऊन राह्यलं, सर," मी म्हटलं.